वीज चमकत नाही, तरी रॉकेट का थांबवतात?

गोव्यात फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एका मुलीने काही प्रश्न पाठवले आहेत. विमानांवर वीज पडते आणि तरी ती मुकाट दाबोळीला येऊन उतरतात, मग रॉकेट ढगाला एवढं का भितं? मे २०२० मध्ये स्पेसएक्सचं अंतराळवीरांसह पहिलं उड्डाण जेमतेम १७ मिनिटं उरली असताना रद्द केलं, तेव्हा पडद्यावर एकही वीज दिसली नव्हती; मग थांबले कशासाठी? लाँच पॅडभोवती एवढे उंच मनोरे उभे असताना काळजी कसली? आणि जाता जाता, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी यातलं काही जमण्यासारखं आहे का? माझी उभी नोकरी प्रक्षेपण केंद्रांवरच्या अर्थिंगच्या आणि वीजसंरक्षणाच्या कामात झाली, आता फोंड्याला असतो. वेळ हाताशी आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

बाय, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, बाकीचं बरंचसं त्यातच आहे. रॉकेटवर येऊन पडणारी वीज हा धोक्याचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे रॉकेट गेलं म्हणून पडलेली वीज. ते तिथून गेलं नसतं तर ती पडलीच नसती.

हे कसं होतं ते आकड्यांत बघ. निरभ्र दिवशी जमिनीलगत साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर एवढं विद्युतक्षेत्र असतंच. गडगडाटी ढग डोक्यावर आला की ते काही हजारांवर जातं, ढगाच्या पोटात काही दशसहस्र, कधी लाखाच्याही वर. समुद्रसपाटीला हवा फुटायला मात्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. उंचीवर थोडे कमी, तरी अंतर पुष्कळ राहतं. म्हणजे ढगात ताण असूनही तो कित्येकदा नुसताच साठून राहतो, वीज पडत नाही. अशा ताणात एक लांबलचक धातूची वस्तू घुसवली की तिच्या दोन्ही टोकांना क्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं. रॉकेटची लांबी मोजताना नुसती धातूची मोजून चालत नाही, मागची ज्वाळाही धरावी लागते. तापलेले, अंशतः आयनीभूत झालेले (विद्युतभारित कणांत फुटलेले) वायू वीज वाहून नेतात, त्यामुळे विजेच्या हिशेबात रॉकेट दिसतं त्याहून बरंच लांब असतं.

इथे एक शंका यावी. माड, मोबाइलचे टॉवर हेसुद्धा उंचच की, मग प्रत्येक ढगाखाली त्यांच्यावर वीज का पडत नाही? कारण स्थिर उभ्या वस्तूच्या टोकातून विजेचा बारीक स्राव होत राहतो, त्याचा विद्युतभार टोकाभोवती साचतो आणि तोच टोकाला थोडंफार झाकून ठेवतो. रॉकेट इतक्या वेगाने वर जातं की हे झाकण त्याच्याभोवती साचायला वेळच मिळत नाही. फ्लोरिडात कॅम्प ब्लँडिंगला संशोधक मुद्दाम वीज पाडायचे ते याच तत्त्वावर. छोटं रॉकेट, त्याच्यामागे जमिनीला बांधलेली बारीक तार, आणि वर तयार ढग. रॉकेट दोन-तीनशे मीटर चढलं की वीज तारेवरून खाली. आपलं प्रक्षेपक तार नेत नाही, पण ज्वाळा नेतं.

याचं शिक्षण जगाला १४ नोव्हेंबर १९६९ रोजी मिळालं. अपोलो १२ पावसाळी ढगांतून वर गेलं आणि ३६.५ सेकंदांनी पहिली, ५२व्या सेकंदाला दुसरी वीज लागली. पहिली ज्वाळेच्या वाटेने थेट जमिनीपर्यंत उतरली. यानाला वीज पुरवणारे तिन्ही फ्युएल सेल जोडणीतून सुटले, दुसऱ्या दणक्याने दिशा दाखवणारा प्लॅटफॉर्म गडगडला, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातल्या पडद्यावर आकड्यांची खिचडी. तिथे जॉन एरन नावाच्या विशीतल्या इंजिनीअरने हा नमुना पूर्वी एका चाचणीत पाहिलेला होता. त्याने एक अगदी अनोळखी स्विच दुसऱ्या बाजूला टाकायला सांगितला, यानात ॲलन बीनला तो स्विच नेमका कुठे आहे हे ठाऊक होतं, आणि टेलिमेट्री, म्हणजे यानाकडून येणारी आकडेवारी, परत आली. ही गोष्ट सगळे सांगतात. वीजसंरक्षणवाल्यांच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. यान वाहून नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटचा स्वतःचा मार्गदर्शक संगणक खाली, रॉकेटच्या अंगातच होता आणि त्याला काही झालं नाही. यान आंधळं झालं तरी रॉकेट सरळ जात राहिलं. तो संगणक गडबडला असता तर मोहीम तिथेच संपली असती.

ते खरोखर घडलं २६ मार्च १९८७ ला. अमेरिकन नौदलाचा संदेशवहन उपग्रह घेऊन ॲटलस-सेंटॉर केप कॅनव्हेरलहून निघालं, मुसळधार पाऊस, दाट ढग. पन्नास सेकंदही पुरे झाले नव्हते तेव्हा वीज लागली. विजेने स्मृतीतला फक्त एक शब्द बदलला. संगणकाच्या लेखी तो आदेशच होता, त्याने इंजिन जोरात एका बाजूला वळवलं आणि रॉकेट हवेच्या दाबाने मोडलं. चौकशीत निघालं की त्या दिवशीचं हवामान तेव्हाच्या नियमांतही बसत नव्हतं. जमिनीवरच्या विद्युतक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे चढलेले होते, पण उड्डाणाचा निर्णय घेणाऱ्यांच्या नियमावलीत त्या आकड्यांना जागा नव्हती. माझ्या मते सगळ्या इतिहासात शिकण्यासारखी घटना हीच. अपोलोत माणसं वाचली म्हणून ती लोकप्रिय आहे एवढंच.

आता पहिला प्रश्न, विमानाचा. प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एखादी वीज लागतेच, आणि त्यांतल्याही बहुतेक विमानानेच ओढलेल्या असतात. मग फरक कुठे? विमानाचा एक संगणक दोन सेकंद गडबडला तरी पंख आहेत, वैमानिक आहे, विमान हवेत तरंगत राहतं. रॉकेट स्वभावतःच अस्थिर. इंजिनाचं तोंड क्षणाक्षणाला हलवून त्याला उभं ठेवावं लागतं, आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा दाब सर्वांत जास्त असतो तेव्हा अर्ध्या सेकंदाचा चुकीचा आदेश पुरतो. दुसरं, वजन. विमानाच्या कंपोझिट (धाग्यांत राळ मुरवून केलेल्या) अंगावर विजेसाठी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाळी बसवतात. रॉकेटवर प्रत्येक किलो उपग्रहाच्या वजनातून कापला जातो, त्यामुळे तिथे हात आखडतो. आपल्या पिळर्णच्या वसाहतीत अंतराळाच्या कामासाठी कंपोझिटचे भाग बनतात, तिथल्या कोणाला विचारलंस तर कार्बन फायबर धातूइतकं चांगलं वीज वाहत नाही आणि सांध्यांवर त्याचा कसा त्रास होतो ते तो सांगेल. तिसरं कारण लोक विसरतात. रॉकेट भरकटलं तर ते हवेतच नष्ट करायची यंत्रणा त्याच्या अंगावर असते. विजेने मार्गदर्शन बिघडलं आणि त्याच दणक्यात ती यंत्रणाही बहिरी झाली, तर भरकटलेलं रॉकेट कुठे जाईल यावर कोणाचा ताबा राहत नाही. सुरक्षा अधिकाऱ्याची झोप उडते ती यामुळे.

आणि हो, मे २०१९ मध्ये रशियातल्या प्लेसेत्स्कहून निघालेल्या सोयूझ रॉकेटला वीज लागली, तरी उपग्रह बरोबर कक्षेत गेला. त्याचा व्हिडिओ दाखवून मला कोणी ना कोणी विचारतंच, की बघा काही झालं का? एकदा झालं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

नियम कसे बनले ते समजायला फ्लोरिडाला जायची गरज नाही, गोव्यातला पाऊस आठव. सांजावनंतर, म्हणजे जूनच्या अखेरीपासून, आषाढात चार-चार दिवस झड लागते, विहिरी भरतात, रस्ते वाहतात, पण गडगडाट क्वचितच. उलट मे महिन्यातला वळीव किंवा दसऱ्याच्या आसपासचा संध्याकाळचा पाऊस तासभराचा, पण सत्तरी-सांग्याच्या बाजूने ढग उठला की घरातले सगळे प्लग काढायची धावपळ. पाऊस आषाढात जास्त, वीज वळवात जास्त. असं का? ढगात विद्युतभार वेगळा होतो तो मुख्यतः मऊ गारा आणि बर्फाचे स्फटिक एकमेकांवर आपटून, तेही गोठणबिंदूखाली गेलेलं पण अजून न गोठलेलं पाणी सोबत असताना. आपल्या अक्षांशावर शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. आषाढातला बराचसा पाऊस त्याखालच्या कोमट ढगांतून किंवा वर जाण्याचा जोर कमी असलेल्या ढगांतून पडतो. वळवाचा ढग मात्र उसळत उणे दहा, उणे वीस अंशांच्या पलीकडे जातो.

म्हणून अमेरिकेतल्या नियमांत ढगाची ओळख पावसावरून नाही, माथ्याच्या तापमानावरून आहे. पुंज ढगाचा, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या उसळणाऱ्या ढगाचा, माथा उणे २० अंश किंवा त्याहून थंड असेल तर उड्डाणमार्ग त्याच्यापासून १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर दूर हवा. उणे १० असेल तर पाच सागरी मैल. माथा अधिक पाच अंशांपेक्षा थंड असला की त्यातून आरपार जाण्यावरही बंधनं सुरू होतात. १० सागरी मैलांच्या आत वीज पडली तर अर्धा तास थांबायचं. जमिनीवरच्या यंत्राने पाच सागरी मैलांच्या आत १००० व्होल्ट प्रति मीटर दाखवले तर थांबायचं, फार थोडे अपवाद सोडून. सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे ऐरणीसारखा पसरलेला माथा. मूळ वादळ दूर राहतं आणि त्याचा वरचा पांढरा पदर वाऱ्याने वाहत लाँच पॅडवर येतो. खालून बघणाऱ्याला छान उजळ आकाश दिसतं, पाऊस नाही, वीज नाही, पण त्या पदरात भार शिल्लक असतो. त्याच्यातून रॉकेट गेलं की झालं. तुझ्या २०२० च्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यात आहे. रॉकेटने स्वतः वीज ओढली असती, ही त्या दिवशीची भीती होती. अवकाशस्थानक गाठायचं म्हणून सुटायची वेळ ठरलेली, दहा मिनिटं उशिरा चालणार नव्हतं. तीन दिवसांनी ते बिनतक्रार गेलं.

एक नियम मला विशेष आवडतो. सगळे आकडे मर्यादेत असले तरी हवामान अधिकाऱ्याला काही खटकत असेल तर त्याने ते सांगायचं. त्याचं नावच 'शहाणपणाचा नियम' अशा अर्थाचं आहे. आकड्यांनी भरलेल्या कागदात असं वाक्य लिहायला हिंमत लागते. थांबवलेली बरीचशी उड्डाणं सुटली असती तरी काही बिघडलं नसतं, हे मला कळतं आणि नियम लिहिणाऱ्यांनाही. पण कुठलं सुखरूप जाईल हे आधी ओळखायचं साधन अजून नाही, त्यामुळे ही उधळपट्टी मला मान्य आहे.

आणखी एक छोटासा प्रकार, ढगात भार नसतानाचा. बर्फाच्या कणांतून वेगाने जाताना घर्षणाने रॉकेटच्या अंगावर भार साचतो आणि एका भागावरून दुसऱ्या भागावर ठिणग्या उडून रेडिओ बिघडतो. उपाय सोपा, अंगावर वीज हळूहळू वाहून नेणारा रंग. त्याबद्दल इतकंच पुरे.

आता मनोरे. श्रीहरिकोट्याला पॅडभोवती उंच जाळीदार मनोरे तू फोटोत पाहिले असशील. फ्लोरिडात ३९बी पॅडला तीन मनोरे आहेत, प्रत्येकी साधारण १८० मीटर, आणि वर एकमेकांना जोडणाऱ्या तारा. थेट पडणारी वीज झेलण्याचं काम ते चोख करतात. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. मनोऱ्यावर पडलेली वीज रॉकेटला शिवत नाही, पण तिचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे शिवतं. हे गणित स्वतः करून बघ. जोरदार विजेत प्रवाह मायक्रोसेकंदाला १०० किलोअँपिअर इतक्या वेगाने चढू शकतो. वीज १०० मीटरवर पडली असं धर. तिथे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला २०० टेस्ला या दराने बदलतं. रॉकेटला जमिनीशी जोडणाऱ्या केबल आणि बाजूचा लोखंडी सांगाडा यांच्यात १० मीटर उंच, एक मीटर रुंद असा फटीचा चौकोन राहिला असेल, तर त्या १० चौरस मीटरच्या वेटोळ्यात २००० व्होल्ट उभे राहतात. क्षणभरच, पण पाच व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला क्षण पुरतो. म्हणून आम्ही लोक केबल सांगाड्याला चिकटवून न्यायचा हट्ट धरतो, दोन टोकांना कवच जमिनीला जोडायला लावतो, आणि वायरिंगवाले आम्हाला शिव्या घालतात.

अर्थिंगबद्दलही एक गैरसमज सर्वत्र आहे, गोव्यात तर फारच. किती ओहम आले, एवढंच सगळे विचारतात. मे महिन्यात वाळलेल्या जांभ्या दगडात खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून, पाणी ओतून दोन ओहम आणले की कंत्राटदार खूश. पण समज तू एक ओहम आणलास आणि ३० किलोअँपिअरची, म्हणजे अगदी साधारण वीज पडली. एक गुणिले तीस हजार, म्हणजे तुझी जमीनच ३०,००० व्होल्टवर गेली. सगळ्या वस्तू एकदमच वर गेल्या तर कोणाला काही होत नाही. होतं ते दूरच्या, वेगळ्या अर्थिंगवरून येणाऱ्या केबलला. पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधली श्रीहरिकोट्याची वाळू आणि आपला चिरेखाणीचा कातळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्हीकडे काम तेच, पॅडवरचं सगळं एकमेकांना जाड पट्ट्यांनी बांधणं आणि दूरचा संदेश धातूऐवजी ऑप्टिकल फायबरने आणणं. मे २०२४ मध्ये मोपा विमानतळावर विजेने धावपट्टीचे दिवे बिघडवले आणि विमानं दुसरीकडे वळवावी लागली ते आठवत असेल. विमानं ठीक होती. मार खाल्ला तो जमिनीवरच्या, लांबवर पसरलेल्या केबलनी जोडलेल्या वस्तूंनी. प्रक्षेपण केंद्रावरही बहुतेक नुकसान असंच.

वेळेचं नुकसानही तिथेच. जुलै २००९ मध्ये एंडेव्हर हे अमेरिकेचं स्पेस शटल पॅडवर उभं असताना आसपास ११ विजा पडल्या. शटलला इजा झाल्याचं दिसत नव्हतं, तरी उड्डाण पुढे ढकलून यंत्रणा पुन्हा तपासल्या. दिसत नाही म्हणजे झालं नाही, असं या कामात कोणी म्हणत नाही. एखादा अर्धमेला झालेला ट्रान्झिस्टर जमिनीवरच्या चाचणीत पास होऊन वर जाऊन मान टाकू शकतो.

माणसांचा भाग थोडक्यात सांगतो, पण तोच सर्वांत कडक असतो. घनइंधनाच्या मोटरी, टप्पे वेगळे करणारे स्फोटक बोल्ट, हे सगळं विजेच्या ठिणगीवर पेटणारं. जून १९८७ मध्ये अमेरिकेतल्या वॉलॉप्स बेटावर विजेमुळे तीन छोटी रॉकेटं आपोआप पेटून सुटली. गंमत म्हणजे ती मोहीमच वादळांचा अभ्यास करायला आली होती. सुदैवाने कोणाला लागलं नाही. त्यामुळे जवळ वादळाची चाहूल लागली की स्फोटकांचं काम जिथल्या तिथे थांबवायचं, सुरक्षित प्लग लावायचे, मनोऱ्यावरची माणसं खाली. त्यावर वाद नाही, वरिष्ठांना फोन नाही. उड्डाण दोन दिवसांवर आलेलं असताना, ऐन कामाच्या तासांत दुपारभर शेडमध्ये बसून राहिलेली टोळी पाहिली की नव्या मॅनेजरचा जीव तुटतो. तुटू दे.

(कोणी विचारेलच म्हणून: गोव्यातून रॉकेट का सोडत नाहीत याचं कारण वीज नाही. पूर्वेकडे सोडलं तर पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो, आणि आपल्या पूर्वेला समुद्र नसून कर्नाटक आहे. जळालेले टप्पे लोकांच्या शेतात पडतील. म्हणूनच श्रीहरिकोटा. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला होत असलेलं नवं केंद्र मात्र दक्षिणेकडे समुद्रावरून सोडण्यासाठी.)

प्रोजेक्टसाठी माझं मत विचारशील तर फील्ड मिल कर. विद्युतक्षेत्र मोजणारं ते साधं यंत्र आहे. जमिनीला जोडलेली पंख्यासारखी पाती एका मोटरवर फिरते आणि खालच्या स्थिर पट्ट्यांना आळीपाळीने झाकते-उघडते. पट्ट्यांवर उमटणारा भार त्याबरोबर येतो-जातो, तो प्रवाह वाढवून मोजायचा. दिशा कळण्यासाठी पाती कुठे आहे हे ओळखणारा सेन्सर हवा, नाहीतर वर अधिक भार आहे की उणे ते कळणार नाही. खर्च बेताचा. अडचणी मात्र तीन येतील. कॉलेजच्या गच्चीवर ठेवलंस तर इमारतीच्या उंचीमुळे आकडा फुगलेला येईल, तेव्हा मोकळ्या सपाट मैदानावर एकदा तुलना करून गुणक काढ. खाऱ्या, दमट हवेने इन्सुलेटरवर थर बसून गळती होते, आठवड्याला पुसावं लागेल. आणि कोळी. पट्टी आणि चौकट यांच्यात एक जाळं विणलं गेलं की दमट सकाळी सगळे आकडे खोटे.

नोंदी ऑक्टोबरात घे, पावसाळ्यात नको, कारण वर सांगितलंच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेव, ते आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये पडणाऱ्या विजा दाखवतं. पणजीला आल्तिनोवर हवामान खात्याचं डॉपलर रडार आहे, त्याची चित्रं संकेतस्थळावर मिळतात. तिन्ही एकाच वेळेच्या रेषेवर मांडलीस तर ढग येण्याआधी किती मिनिटं आकडा चढू लागतो ते दिसेल. आणि दामिनीने इशारा दिला की गच्चीवर यंत्राशी खुडबुड करायला जाऊ नकोस. केबल आधीच खाली खोलीत आणलेली असू दे, तीही फायबरची.